डावी बाजू

राजारामपुरीत माझं वाचनालय आहे. खाली झेरॉक्सचं दुकान, वर आम्ही. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं ठेव, बक्कळ चालेल, असं येणारा जाणारा सांगतो. पण वडिलांना साहसकथांचं वेड होतं आणि ते माझ्यात उतरलं. समुद्र, जंगल, वाळवंट, बुडालेली गलबतं आणि हरवलेली माणसं यांनीच माझी पाच कपाटं भरली आहेत.

दुसरं वेड हॉकीचं. कोल्हापूर म्हणजे फुटबॉल, हे बाहेरच्यालाही माहीत असतं. आम्ही हॉकीवाले थोडे, म्हणून जरा जास्तच कडवे. मी स्वतः विद्यापीठाच्या संघातून खेळले आहे. वज्रवीर हा आमचा क्लब, आणि रविवारची मॅच संपली की तिघं जण हमखास माझ्या वाचनालयात येऊन बसायचे.

त्यातले आकारामतात्या चौगुले डेअरीतून निवृत्त झालेले. त्यांनी तोंड उघडलं की खालचा झेरॉक्सवाला वर बघायचा. लालासाबचाचा जमादार शिरोली एमआयडीसीत तीस वर्षं फाउंड्रीत राबले. वितळलेल्या लोखंडासमोर आयुष्य गेल्यामुळं की काय, त्यांना फक्त समुद्राच्या कादंबऱ्या लागायच्या. तिसरा ऋतुराज साळोखे, तिशी उलटलेला, याच गल्लीत दहावीचे क्लास घेणारा. क्लबच्या चाहत्यांचा तीनशे माणसांचा व्हॉट्सॲप ग्रुप तो चालवायचा.

चहा यायचा, पुस्तकं बदलली जायची आणि तोंडं सुटायची. निम्मा वेळ हॉकी, निम्मा वेळ कादंबऱ्या. खरं सांगते, आठवड्यातला तो माझा सगळ्यात आवडता वेळ होता.

त्या मोसमात मात्र हॉकीचा विषय निघाला की तो एकाच माणसावर यायचा. विजयसिंह इंगवले. आमचा सेंटर हाफ, वय अडतीस. वीस वर्षं वज्रवीरचा मधला भाग त्यानं एकट्यानं सांभाळला होता. समोरचा संघ कितीही जोरात येवो, विजूदाच्या स्टिकशी येऊन बॉल गुपचूप थांबायचा. आणि यंदा त्याच माणसाच्या हातून पोरासोरांनी अडवावेत असे बॉल सुटत होते. लीगच्या सहा मॅच झाल्या होत्या, त्यातल्या तीन आम्ही त्याच्या चुकांनी हरलो होतो.

विजूदा माझ्याकडंही यायचा. सोळा वर्षांचा असल्यापासून मॅचच्या आदल्या दिवशी एक साहसकथा न्यायची हा त्याचा नेम. माझ्या वडिलांनी त्याला पहिलं पुस्तक दिलं होतं. दिवाळीनंतर एका शनिवारी तो आला. मी टेबलाच्या या बाजूनं पुस्तक पुढं केलं. तो हसत दुसरंच काहीतरी बोलत राहिला. पुस्तक त्याच्या डाव्या कोपरापाशी होतं आणि त्याला ते दिसत नव्हतं. मी चेष्टा समजले. मग चहाचा कप ठेवला, तोही त्याच्या हातानं लवंडला.

"विजूदा, काय झालंय?"

त्यानं जिन्याकडं बघितलं, वर कुणी येत नाही ना याची खात्री केली. "डाव्या डोळ्याचा पडदा सुटत चाललाय. डॉक्टर म्हणत्यात, लगेच ऑपरेशन कर."

"मग?"

"मोसम संपू दे. आता सोडलं तर परत कोण उभा करणार मला? एवढ्या सात-आठ मॅच काढतो."

"बायकोला तरी सांगितलंस? स्वप्नालीला?"

"न्हाय. ती मला उंबऱ्याबाहेर सोडंल काय? निशा, तू बी कुणाला बोलू नगंस. तुला दिसलं म्हणून सांगितलं."

मी त्याला चार शब्द सुनावले. डोळा म्हणजे काय गुडघा आहे का, दुखला तर पट्टी बांधून खेळायला, असंही म्हणाले. त्यानं मान हलवली, पुस्तक घेतलं आणि गेला. कुणाला बोलणार नाही, असा शब्द मात्र मी त्याला दिला होता. शब्द पाळला की आपलं काम झालं, असं मला तेव्हा वाटत होतं. त्याचं घर माझ्यापासून चालत दहा मिनिटांवर होतं. स्वप्नाली मंगळवारच्या बाजारात मला दर आठवड्याला भेटायची. मी भाजीचे भाव बोलायचे आणि घरी यायचे.

सातव्या मॅचला त्याच्या डावीकडून एक बॉल गेला. जोरात मारलेलासुद्धा नव्हता. विजूदा जागचा हललाच नाही. गोल झाला आणि आम्ही हरलो.

त्या संध्याकाळी तिघंही धुमसतच जिना चढून आले. ऋतुराजनं वाटेतच मोबाइलवर एक व्हिडिओ बनवला होता. विजूदा उभा आहे, बॉल शेजारून जातोय आणि मागं गाढव ओरडतंय. तो त्यानं तीनदा दाखवला. तात्या तिन्ही वेळा हसले. लालासाबचाचा एकदाच हसले आणि मग चष्मा पुसत बसले.

"पायात दम न्हाय, अंगात वेग न्हाय, पण जागा मातर सोडवत न्हाय," तात्या म्हणाले. "किळस येतीय मला त्याची. लाज वाटाय पायजे माणसाला."

"आदर्श बसलाय की बाकावर," ऋतुराज म्हणाला. "एकोणीस वर्षांचं पोरगं, वाऱ्यासारखं पळतंय. त्याला कधी खेळवणार? ह्याचं तेरावं झाल्यावर?"

मी पुस्तकं लावत राहिले. लालासाबचाचांना तो विषय नको होता. त्यांनी पिशवीतून कादंबरी काढून टेबलावर ठेवली. कोकणातल्या एका म्हाताऱ्या तांडेलाची गोष्ट होती ती.

"ही वाचून झाली. काय माणूस हाय ओ हा तांडेल! एक डोळा गेलेला, दुसऱ्यानं धड दिसत न्हाय. सगळे खलाशी म्हणत्यात, उतर आता, दुसऱ्याला दे. आन हा सुकाणू सोडत न्हाय. वादळात खडकामधनं गलबत बाहेर काढतोय."

"त्याला म्हंत्यात जिद्द!" तात्यांचा आवाज एकदम हळवा झाला. "मी मागच्याच महिन्यात वाचली की. शेवटची पानं वाचताना डोळ्याला पदर लावला बायकांवानी. आन ते खलाशी! कसली नालायक जात. ज्यानं जन्मभर सांभाळलं, त्यालाच पाण्यात ढकलाय निघालेली."

मी थांबले. हातातलं पुस्तक कुठं ठेवायचं तेच मला कळेना. "तात्या, तुम्ही त्या गलबतावर असता तर कुणाच्या बाजूनं असता?"

"तांडेलाच्या! ह्यो काय प्रश्न झाला?"

"आणि विजूदाच्या?"

"त्याचा हितं काय संबंध?" तात्या चिडले. "तांडेल जीव लावत हुता. ह्यो जीव लावतोय व्हय? मला तर दुसरीच शंका हाय. असला बॉल माणूस चुकून सोडतच न्हाय. ह्यानं मॅच विकलीय. खाल्ल्यात पैसं कुणाकडनं तरी."

"मला पण तसंच वाटतंय," ऋतुराज म्हणाला. "उद्या टाकतोच ग्रुपवर."

माझ्या डोक्यात सणक गेली. वीस वर्षं ज्यानं या क्लबसाठी गुडघे फोडून घेतले, त्याला हे दोघं चहा पीत चोर ठरवत होते.

"त्याला डाव्या डोळ्यानं दिसत नाही!" मी ओरडले. "पडदा सुटलाय त्याचा. ऑपरेशन लांबवून खेळतोय तो तुमच्यासाठी. कळलं?"

लालासाबचाचा हळूच "या अल्ला" म्हणाले. तात्यांनी कप खाली ठेवला आणि टोपी काढली. त्यांचा चेहरा पडला होता. त्या क्षणी मला फार बरं वाटलं. मी वाद जिंकले होते.

"हे इथंच राहिलं पाहिजे," मी म्हणाले. "मी शब्द दिलाय त्याला."

"ताई, आमी काय येडी हाय?" ऋतुराज म्हणाला. तात्यांनी कानाच्या पाळ्या धरल्या.

सोमवारी दुपारी बारा वाजता ग्रुपवर चित्र आलं. विजूदाचा चेहरा, त्याला काळा गॉगल चिकटवलेला, हातात हॉकी स्टिकच्या जागी पांढरी काठी. खाली लिहिलं होतं, 'आंधळी कोशिंबीर, दर रविवारी चार वाजता.' तासाभरात शंभरावर माणसांनी हसण्याची चिन्हं टाकली. नंतर कुणीतरी नक्कल करून आवाज टाकला, कुणी गाणं रचलं. त्यात डॉक्टर होते, प्राध्यापक होते, माझ्याबरोबर खेळलेल्या दोन बायका होत्या. तात्यांनी हसून लोळणारी तीन तोंडं टाकली होती.

मी ऋतुराजला फोन केला.

"अवो ताई, जोक हाय की. आन मी खोटं काय बोललोय? लोकांस्नी कळाय पायजे न्हवं, का हरतोय आपण ते."

"तू शब्द दिला होतास."

"पयला शब्द कुणी मोडला?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात रागसुद्धा नव्हता. आता क्लास आहे म्हणून त्यानं फोन ठेवला.

मी विजूदाचा नंबर लावला आणि पहिली रिंग वाजायच्या आत कापला. असं तीनदा केलं. मंगळवारी मी बाजारात गेलेच नाही. त्या शनिवारी तो पुस्तक न्यायला आला नाही.

रविवारी मॅचला नेहमीपेक्षा जास्त गर्दी होती. टर्फवर नुकतंच पाणी मारलं होतं आणि चारच्या उन्हात ते चकाकत होतं. मी प्रेक्षकांच्या पायऱ्या चढले आणि पाय जागीच थांबले. आमच्याच बाजूच्या चाळीसेक माणसांनी काळे गॉगल घातले होते. रस्त्यावर मिळतात तसले, एकसारखे, कुणीतरी एकगठ्ठा आणलेले. ऋतुराज खालच्या पायरीवर उभा राहून वाटत होता. तात्यांनीही घातला होता. लालासाबचाचांनी तो हातात धरला होता, घातला नव्हता, टाकूनही दिला नव्हता.

विजूदा मैदानात आला. वर बघून थबकला. मग त्यानं मान खाली घातली आणि मोज्यात शिनगार्ड नीट केले.

"डावीकडं रं, डावीकडं!" पहिली हाक तात्यांची. मग चाळीस गळे एकदम. बॉल उजवीकडं असला तरी ते "डावीकडं" ओरडत. तो वळला की हशा. समोरचा संघ बहिरा नव्हता. दहाव्या मिनिटापासून त्यांचा एकूण एक हल्ला विजूदाच्या डाव्या बाजूनं यायला लागला. पोरं बॉल घेऊन सरळ त्याच्या अंगावर यायची आणि शेवटच्या क्षणी तिकडं वळायची. पूर्वार्धातच दोन गोल झाले. कोचनं त्याला बाहेर का काढलं नाही, मला माहीत नाही. हाफटाइमला तो कोचशी भांडत होता एवढं दिसलं. बहुधा त्यानंच नकार दिला असावा.

बायकांच्या रांगेत स्वप्नाली बसली होती. ती क्वचितच यायची. आधी तिला काही कळेना. मग तिनं समोरच्या माणसाच्या गॉगलकडं बघितलं, ओरडणं ऐकलं, शेजारणीला काहीतरी विचारलं. शेजारणीनं मोबाइल काढून तिच्या हातात दिला. मी तिच्यापासून पाच-सहा पायऱ्यांवर होते. ती ते चित्र बराच वेळ बघत होती.

उत्तरार्धात आमच्या गोलसमोरच्या 'डी'च्या कडेवरून त्यांच्या पोरानं उलट्या स्टिकनं फटका मारला. बॉल उंच उठला. समोर उभा असलेला कुणीही हात वर करेल, निदान तोंड फिरवेल. विजूदानं काहीच केलं नाही. बॉल त्याच्या डाव्या गालावर बसला. लाकूड फुटावं तसा आवाज वरपर्यंत आला.

माझ्या मागून कुणीतरी ओरडलं, "दिसला न्हाय व्हय रं?" आणि लोक हसले. खरंच हसले. मी ते माझ्या कानांनी ऐकलं.

तो गुडघ्यावर बसला. बोटांतून रक्त ओघळत होतं आणि टर्फवरच्या पाण्यात पसरत होतं. मग हसणं थांबलं. एकेक गॉगल उतरायला लागला. कुणी खिशात घातला, कुणी पायाखाली सरकवला, एकानं केसांवर चढवून ठेवला, जणू उन्हासाठीच आणला होता. तात्या मोठ्यानं म्हणाले, "कुणी सांगितलं हुतं ह्याला असल्या अवस्थेत खेळाय?" मी रेलिंग धरून खाली उतरले. स्वप्नाली त्याआधीच मैदानात पोचली होती.

संध्याकाळी मी दवाखान्यात गेले. वॉर्डाबाहेर बाकड्यावर विजूदाची आई, बायडाबाई, एकटीच बसली होती. तिनं मला ओळखलं आणि सरकून जागा दिली.

"बस बाई. तू ती पुस्तकवाली न्हवं? लई नाव घेतोय तुझं. लोकं किती वंगाळ असत्यात बघ. माझ्या लेकाचं दुखणं कुणीतरी गावभर केलं." तिनं माझा हात धरला. "तुझ्यासारखी चार माणसं हायती म्हणून बरं."

मी हात सोडवून घेतला नाही. खरं काय ते तिला सांगितलंही नाही. आत जायची वेळ संपेपर्यंत तशीच बसले आणि विजूदाला न भेटता परत आले. तेवढी चाळीस मिनिटं मला माझ्या अंगाचीच घाण येत होती.

गालाचं हाड बसवावं लागलं, प्लेट घातली. डोळ्याचंही ऑपरेशन झालं, पण नजर परत आली नाही. उशिरामुळं किती गेली आणि बॉलमुळं किती, हे डॉक्टरांनाही सांगता येईना. क्लबनं यादीतून नाव काढल्याचं त्याला मेसेज करून कळवलं.

दोन आठवड्यांनी तिघं परत माझा जिना चढून आले. हातात पेढ्यांचा बॉक्स. ऋतुराजनं ग्रुपचा फोटो बदलला होता. आता तिथं विजूदाचा जुना फोटो होता, चषक उंचावलेला, आणि खाली 'झुंजार' असं सोनेरी अक्षरांत.

"जंगी सत्कार करायचा," तात्या म्हणाले. "शाल, श्रीफळ, मानपत्र. शाहूपुरीतनं जीपमधनं मिरवत आणायचं. मानपत्र तू लिही निशा, तुला शब्द येत्यात. त्या तांडेलाचं काहीतरी घाल त्यात."

मी त्यांच्याकडं बघत राहिले. ते थट्टा करत नव्हते. तात्यांच्या डोळ्यांत खरोखर पाणी होतं, आणि तेच मला सगळ्यात घाणेरडं वाटलं.

"तात्या, तुमचा गॉगल कुठंय?"

"कसला गॉगल?"

"तुमचं वाचनालयाचं कार्ड द्या. ऋतुराज, तुझंही."

"ताई, डोकं फिरलंय काय तुमचं?" ऋतुराज म्हणाला. "आमी चांगलं कराय निघालोय."

"कार्ड द्या आणि खाली उतरा. परत या जिन्यावर पाय ठेवायचा नाही."

तात्यांनी कार्ड टेबलावर आपटलं. "तुझ्या तोंडातनंच आमाला कळलं हुतं," ते म्हणाले. "इसरू नगंस." खालचा झेरॉक्सवाला वर बघायला लागला असेल. ते जिना उतरले. लालासाबचाचा मागं राहिले. मी मागायच्या आत त्यांनी आपलं कार्ड काढून पुढं ठेवलं.

"माझ्या हातात हुता बाई तो," ते म्हणाले. "टाकाय पायजे हुता. न्हाय टाकला." मी त्यांचं कार्ड परत दिलं नाही.

सत्कार झाला. मी गेटपाशी उभी होते. विजूदा आला, कारण आईची इच्छा होती, असं नंतर कळलं. गालावर टाके, चेहरा एका बाजूला ओढल्यासारखा. शाल घेतली, नारळ घेतला. चार शब्द बोला म्हणून माईक पुढं केला तेव्हा त्यानं तो हातात घेतला.

"माझा एक डोळा गेलाय," तो म्हणाला. "कान शाबूत हायती."

एवढं बोलून त्यानं माईक परत दिला. आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, टाळ्या ऐकायला कान शाबूत आहेत, असंच तो म्हणतोय. तात्या तर उभे राहून वाजवत होते. शाल खुर्चीवरच ठेवून तो मंचावरून उतरला आणि रिक्षात बसून गेला.

पुढच्या महिन्यात एका दुपारी स्वप्नाली वाचनालयात आली. तिच्या पिशवीत विजूदाकडं राहिलेली दोन पुस्तकं होती. ती तिनं टेबलावर ठेवली आणि त्याचं कार्ड वर ठेवलं.

"नाव काढून टाका," ती म्हणाली. "कारखान्यात त्यांना मशीनवरनं काढून स्टोअरला बसवलंय. बरं चाललंय."

"स्वप्नाली, बस ना."

"बसाय आली न्हाय. त्यांनी मला कायबी विचारायला सांगितलेलं न्हाय. मीच विचारते. तुमी किती जणांना सांगितलं हुतं?"

खोटं बोलायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "तिघांना."

तिनं मान हलवली. रागानं नाही, हिशोब लागल्यासारखी. पिशवीची घडी घालून तिनं काखेत धरली.

"तिघांना सांगितलं," ती म्हणाली. "त्यात मला जागा न्हवती व्हय?"

त्याचं कार्ड तिनं बोटानं माझ्याकडं सरकवलं. मग ती जिना उतरून गेली.